मोटार गोल की सरळ?

आपल्या परिचयाची विजेची मोटार गोल फिरते. यंत्राचा भाग सरळ सरकवायचा असल्यास मध्ये स्क्रू किंवा दातेरी पट्टा लागतो. लिनिअर मोटार म्हणजे जणू तीच मोटार उभी चिरून सपाट पसरलेली. तिच्यातून थेट सरळ गती मिळते. मधला दुवा नसल्याने त्याची झीज व सैलपणा टळतो.

शांघायमध्ये २००४ पासून प्रवासी सेवेत असलेली चुंबकीय रेल्वे याच तत्त्वावर धावते. परंतु त्यासाठी सुमारे ३० किलोमीटरच्या संपूर्ण मार्गात तारांची वेटोळी बसवावी लागली.

उलट, स्क्रू लहानशा मोटारीचा जोर अनेक पटींनी वाढवतो. साध्या स्क्रूचे आटे बारीक असतील, तर वीज गेल्यावरही उचललेला भार जागीच राहतो. उभ्या लिनिअर मोटारीला मात्र ब्रेक हवाच. म्हणूनच वेग हवा की भार पेलायचा, हे आधी ठरवणे श्रेयस्कर.