उकिरड्यातले खत आणि सरीतले पाचट



तोडणी संपली, शेवटची मोळी गाडीत पडली, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फडाला काडी लागते. हंगामात रात्री गटातून फिरताना आम्हाला एका वेळी तीन-चार ठिकाणी जाळ दिसतो. विचारले तर सभासद सांगतात, "साहेब, पाचटात पाणी पुढं सरकत नाही, उंदीर होतात, खोडवा फुटायला अडचण येते." या अडचणी खोट्या नाहीत. त्यांची उत्तरे पुढे देतोच. पण आधी जळते ते काय, याचा हिशेब मांडू.

एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन वाळलेले पाचट निघते. त्यात नत्र सुमारे अर्धा टक्का, स्फुरद त्याहून कमी, पालाश पाऊण ते एक टक्का आणि सेंद्रिय कर्ब ३२ ते ४० टक्के असतो. आठच टन धरले तरी ४० किलो नत्र झाले. हल्लीच्या ४५ किलोच्या पोत्याने मोजले तर जवळजवळ दोन पोती युरिया. पालाश ६० किलोंच्या वर. आणि अडीच-तीन टन सेंद्रिय कर्ब, जो कोणत्याही दुकानात पोत्यात मिळत नाही. काडी लावली की नत्र आणि कर्ब धुरावाटे जातात. राखेत थोडा पालाश-स्फुरद उरतो, तोही निम्मा वारा नेतो. जमिनीच्या वरच्या थरातले जिवाणू आणि बुडख्यावरचे वरचे डोळे भाजून निघतात ते वेगळेच. ज्या सभासदांनी माती परीक्षण करून घेतले आहे त्यांनी कागद काढून सेंद्रिय कर्बाचा आकडा पाहावा. तो अर्ध्या टक्क्याच्या खाली असेल, तर दर वर्षी खताचा डोस वाढवूनही एकरी टनेज का वाढत नाही, याचे निम्मे उत्तर त्या आकड्यात आहे.

आता पाचट लवकर कुजत का नाही ते पाहू. हे एकदा समजले की शेतातले आणि घराजवळचे, दोन्ही खत जमते.

कुजवण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांनाही आपल्यासारखे जेवण लागते. कर्ब ही त्यांची भाकरी आणि नत्र हे कोरड्यास. पाचटात भाकरीच भाकरी आहे, नत्राच्या ऐंशी ते शंभर पट कर्ब. नुसती कोरडी भाकरी किती घास खाणार? मग जिवाणू हळूहळू खातात, किंवा शेजारच्या ताटात हात घालतात, म्हणजे जमिनीत असलेला नत्र उचलतात. म्हणूनच काही सभासदांचा अनुभव असतो की पाचट ठेवले आणि खोडवा पिवळा पडला. तो पाचटाचा दोष नव्हे. वरून नत्र दिला नव्हता, एवढेच. कर्ब नत्राच्या तीस पटीपर्यंत आणून ठेवला की कुजण्याला जोर येतो, आणि वीस पटीच्या आसपास किंवा खाली उतरला की खत तयार झाले असे समजावे. शेणात आणि हिरव्या पाल्यात नत्र जास्त, पाचट-भुसा-वाळक्या पानात कमी. दोन्ही मिसळायचे. खताची सारी विद्या बहुतेक एवढीच. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि आपले यशवंत वाड यांनी १९३१ साली कंपोस्टवर जे पुस्तक लिहिले, त्यातही शेतातला टाकाऊ पाला, शेण, गोठ्यातली मुताची माती, हवा आणि पाणी यांचाच मेळ सांगितलेला आहे.

शेतातली रीत थोडक्यात देतो, कारण गट सभांत ती पुष्कळदा सांगून झाली आहे. तोडणीनंतर बुडख्यावरचे पाचट ओढून सरीत घालावे, बुडखे उघडे ठेवावेत. उंच राहिलेले बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटावेत. पाचटाच्या दर टनास ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकावेत आणि पाणी द्यावे. साडेतीन-चार महिन्यांत बरेचसे कुजते. पाणी पुढे सरकत नसेल तर एक आड एक सरीत पाचट भरून मोकळ्या सरीने पाणी द्यावे, किंवा ट्रॅक्टरच्या कुट्टी यंत्राने पाचटाचे तुकडे करून घ्यावेत. कुट्टी केलेले पाचट बसते आणि लवकर ओलावा धरते. उंदीर मोकळ्या, कोरड्या पाचटात राहतात. ओले होऊन दबलेल्यात फारसे टिकत नाहीत. खोडव्याचे रासायनिक खत पहारीने द्यावे. पहिला हप्ता पंधरा दिवसांच्या आत बुडख्याच्या एका बाजूस, दुसरा १३५ दिवसांनी दुसऱ्या बाजूस, पहार १५ ते २० सेंटीमीटर खोल. बगला फोडणे, बांधणी यांचा खर्च वाचतो. तणही पाचटाखाली दबून राहते, आणि उन्हाळ्यात एखादी पाळी लांबली तरी जमीन लगेच भेगाळत नाही.

आता शेतातून घराकडे येऊ. खरे म्हणजे हा लेख आम्ही उकिरड्यासाठीच लिहायला घेतला.

पूर्वी उकिरड्यात जे पडे ते शेतातूनच आलेले असे. शेण, गवताच्या गवाळ्या, चुलीची राख, भाजीची देठे. वर्षातून एकदा उपसून गाडीने रानात नेले की झाले. आज त्याच उकिरड्यात दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, गुटख्याची माळ, लहान मुलांचे लंगोट, दाढीचे पाते, संपलेले सेल, फुटलेली बाटली असे सगळे पडते. राज्यात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तरी उकिरडा काही रिकामा झाला नाही. चैत्र-वैशाखात हेच सगळे ट्रॉलीत भरून उसाच्या रानात पसरले जाते. लागणीच्या वेळी सऱ्यांत पिशव्या फडफडताना पुष्कळांनी पाहिल्या असतील. पिशवी मुळाच्या आड येते, पाणी अडवते. जनावराच्या पोटात गेली तर जनावर गमावण्याची पाळी येते. काच आणि पाते तोडणी मजुराच्या पायात जाते. ते शेत पुन्हा साफ करणे कोणालाच शक्य नाही. घरात दोन डबे ठेवणे मात्र शक्य आहे.

दुसरे असे की उघड्या उकिरड्याचे खत निम्मे वाया गेलेले असते. उन्हाने नत्र उडतो, पावसाने उरलेले धुऊन गटारीला जाते. वर वाळलेले, आत न कुजलेले शेण राहते, आणि अशा अर्धवट कुजलेल्या शेणखतातूनच हुमणीच्या अळ्या रानात जातात. हुमणीवर औषधाचा खर्च करणाऱ्या सभासदांनी आपल्या शेणखताचा ढीग एकदा खणून पाहावा.

आता बऱ्याच घरी जनावर नाही आणि गावठाणात जागाही नाही. म्हणून एकेका घराने न करता वाडीतल्या वीस-पंचवीस घरांनी मिळून करावे, असे आमचे मत झाले आहे. ज्यांच्याकडे जनावरे आहेत त्यांनी रोज घमेलेभर शेण द्यावे, बाकीच्यांनी ओला कचरा, आणि पाचट तर कोणाच्याही बांधावरून मिळेल. वाटणी मात्र खड्डा घेण्याआधी ठरवावी. खत तयार झाल्यावर ठरवू म्हटले की भांडण ठरलेले.

इथे नाडेप टाकीबद्दल एक गोष्ट सांगणे जरूर आहे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत उत्तम आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेसाठी भोके ठेवलेली विटांची टाकी. आत सुमारे १४०० ते १५०० किलो काडीकचरा, ९० ते १०० किलो शेण, १७५० किलो चाळलेली माती आणि पाणी. तीन-चार महिन्यांत सुमारे तीन टन खत. पण ही टाकी एक-दोन दिवसांत एकदम भरून वरून शेणमातीने लिंपायची असते. अनेक गावांत ती रोज बादली-बादलीने भरली जाते, वर्षभर उघडी राहते आणि मग "टाकी चालत नाही" म्हणून तिच्यात सरपण ठेवतात. टाकी पाचटासाठी ठेवावी. स्वयंपाकघरातल्या रोजच्या कचऱ्याला जोडखड्डे बरे.

जोडखड्डे म्हणजे शेजारी शेजारी दोन खड्डे, प्रत्येकी दहा बाय सहा फूट, खोली तीन फुटांपेक्षा जास्त नको. विहीर, आड, बोअर यांपासून लांब आणि उताराच्या बाजूला. तळाशी वीतभर पाचट. त्यावर दिवसाचा ओला कचरा, त्यावर शेणकाला शिंपडायचा आणि पुन्हा पाचटाचा किंवा मातीचा थर. उघडा कचरा रात्रभर राहू द्यायचा नाही. माशा आणि कुत्री थर न टाकल्यामुळेच येतात. एक खड्डा अडीच-तीन महिन्यांत भरला की लिंपून टाकायचा आणि दुसरा सुरू करायचा. दुसरा भरेपर्यंत पहिला तयार होतो. काळ्या रानात पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठते, तिथे जमिनीवरच ढीग लावून वर पाचट शाकारावे.

ओल किती असावी हे मुठीने कळते. मूठभर माल घेऊन आवळावा. बोटांतून पाणी टपकले तर जास्त, मूठ उघडताच सुटून पडला तर कमी. गोळा राहिला आणि हात नुसता ओला झाला तर बरोबर. ढिगात लोखंडी गज खुपसून पाच मिनिटांनी काढावा, हाताला चांगला गरम लागला पाहिजे. गार लागला तर पाणी किंवा शेण कमी आहे. घाण वास आला तर हवा कमी आहे, एकदा खालीवर करून पाचट मिसळावे. तयार खताला पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास येतो आणि त्यात देठ-पान ओळखू येत नाही.

घरी कचरा वेगळा करण्याचे काम सासू-सुनाच करतात, आणि सभा मात्र आपण चावडीवर पुरुषांच्या घेतो. हे आम्हाला पटत नाही, म्हणून यापुढे वाडीवरच्या बैठका दुपारी तीननंतर, घराच्या अंगणातच ठेवायच्या असे आम्ही ठरविले आहे. शाळेतल्या मुलांसाठी एक सोपा प्रयोग आहे. एका कुंडीत मातीखाली मेथीची देठे, केळीची साल आणि दुधाच्या पिशवीचा तुकडा पुरायचा, ओल ठेवायची, तीन महिन्यांनी उकरायचे. पिशवी तशीच्या तशी निघते. एवढे पाहून घरी गेलेले पोर आईला आणि आजोबांना रोज टोकते, हे आम्ही पाहिले आहे. भिंतीवर घोषणा रंगवण्यापेक्षा यात रंगाचा खर्चही वाचतो.

सुक्या कचऱ्याचे दोन भाग करावेत. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून, बाटल्या, पत्रा, पुठ्ठा आणि ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो; नळ्या मातीसकट दिल्या तर भाव पडतो. चकचकीत पुड्या तो घेत नाही, त्या ग्रामपंचायतीच्या कचरागाडीत द्याव्यात. लंगोट आणि पॅड कागदात गुंडाळून, पाती आणि फुटकी काच डब्यात भरून वेगळी द्यावी. प्लास्टिक चुलीत किंवा बांधावर जाळू नये, त्याचा धूर विषारी असतो. औषधाचे रिकामे डबे तीनदा विसळावेत, विसळलेले पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे आणि डब्याला भोक पाडावे. त्यात पाणी किंवा तेल भरून ठेवण्याची सवय अजून काही घरांत दिसते, ती जिवावर बेतणारी आहे.

ज्या वाडीत शेण पुरत नाही तिथे प्रेसमड वापरता येतो. गावात मळी म्हटले की कोणी मोलॅसिस समजतो, कोणी प्रेसमड, म्हणून स्पष्ट सांगतो: रस गाळून राहतो तो काळपट, भुसभुशीत गाळ म्हणजे प्रेसमड. शंभर टन उसाला तो तीन-चार टन निघतो. ताजा प्रेसमड गरम असतो आणि त्यात मेण असते, तो लागणीच्या सरीत थेट घालू नये. खड्ड्यात शेणाच्या जागी थराथराने घालावा. अलीकडे ठिकठिकाणी प्रेसमडपासून गॅस काढण्याचे प्रकल्प उभे राहत आहेत, त्यामुळे तो पूर्वीसारखा मुबलक मिळेल असे धरून चालू नये.

कुजविणाऱ्या जिवाणूंची पाकिटे गट कार्यालयात मागावीत. पाकीट सावलीत ठेवावे, मुदत पाहून घ्यावी. ते युरियाच्या घमेल्यात कालवू नये. चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ऊन उतरल्यावर पाचटावर विस्कटावे आणि त्याच दिवशी पाणी द्यावे.