वकीलपत्र : तें कसें द्यावें व कसें सुटतें

घरांत जमिनीचा, वाटणीचा किंवा देण्याघेण्याचा तंटा उपस्थित झाला कीं, "आम्हीं वकील दिला," "त्यांनीं वकील बदलला," असे उद्गार वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकूं येतात. परंतु वकील दिला म्हणजे नेमकें काय केलें, व दिलेला वकील मोकळा कसा होतो, हें पुष्कळ सुशिक्षितांसही ठाऊक नसतें. म्हणून त्याचा येथें थोडक्यांत विचार करूं.

प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, दिवाणी दाव्यांत वकील दिलाच पाहिजे असें बंधन नाहीं. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणें पक्षकारास स्वतः, मुखत्यारामार्फत किंवा वकिलामार्फत न्यायालयांत हजर होतां येतें. मात्र वकिलानें आपल्या वतीनें काम चालवावें अशी इच्छा असेल, तर त्याची नेमणूक लेखी पाहिजे. हाच लेख म्हणजे वकीलपत्र. त्यावर पक्षकाराची किंवा त्याच्या अधिकृत मुखत्याराची सही लागते, व तें न्यायालयांत दाखल करावें लागतें. एखाद्या वकिलास केवळ युक्तिवादापुरतें बोलाविलें असेल, तर पक्षकारांचीं नांवें व आपणांस कोणी नेमलें हें दर्शविणारें लहानसें टिपण त्यानें दिलें म्हणजे पुरतें.

वकीलपत्राचा परिणाम मोठा आहे. दाव्यांतील नोटीस वकिलाच्या हातीं पडली कीं ती पक्षकारासच पोंचली असें कायदा सामान्यतः मानतो. तेव्हां "वकील दिला, आतां आपणांस काळजी नाहीं," असें म्हणून स्वस्थ बसणारा मनुष्य तारखेस मुकतो. कदाचित् त्याच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामाही होतो, आणि वाडवडिलांची जमीन हातची जाण्याची वेळ येते.

आतां वकीलपत्र संपतें कसें? पक्षकार किंवा वकील मरण पावला, अथवा त्या पक्षकारापुरतें दाव्याचें सर्व काम संपलें, म्हणजे तें आपोआप संपतें. एरव्हीं पक्षकारानें किंवा वकिलानें सही करून लेख न्यायालयांत दाखल करावा लागतो, व त्यास न्यायालयाची परवानगी लागते. घरीं बसून "उद्यांपासून तुम्ही आमचे वकील नाहीं," असें सांगितल्यानें कांहीं होत नाहीं. नवा वकील देतांना जुन्या वकिलाची 'हरकत नाहीं' अशी सही घेण्याची चालही रूढ आहे.

वकिलासही मध्येंच हात झटकतां येत नाहींत. भारतीय वकील परिषदेच्या नियमांप्रमाणें त्याला सबळ कारण पाहिजे, पक्षकारास पुरेशी सूचना दिली पाहिजे, आणि न केलेल्या कामाची फी परत केली पाहिजे. फी थकली म्हणून पक्षकाराचे कागद अडवून ठेवतां येत नाहींत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००० सालीं दिला.

दावे किती दीर्घकाळ चालतात याचें प्रसिद्ध उदाहरण महाडच्या चवदार तळ्याचें. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध १९२७ च्या डिसेंबरांत दाखल झालेला दिवाणी दावा महाडहून ठाण्यास व तेथून मुंबई उच्च न्यायालयांत गेला, आणि १७ मार्च १९३७ रोजीं त्याचा शेवटचा निकाल त्यांच्या बाजूनें लागला. इतक्या अवधींत न्यायालय बदलतें, वकीलही बदलूं शकतो. सोलापूर जिल्ह्याचीं उच्च न्यायालयांतील कामें १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठाकडे (सर्किट बेंचकडे) आलीं आहेत. तेथें नवा वकील दिल्यास वकीलपत्रही नवें द्यावें लागतें.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या आजोबांस किंवा आजीस वाचतां येत नसेल, तर अंगठा उठविण्यापूर्वीं तो कागद त्यांस वाचून दाखवा. कोऱ्या कागदावर सही करूं देऊं नका. वकीलपत्राची नक्कल जपून ठेवा व पुढील तारीख स्वतः लिहून घ्या. शाळेंत शिकलेल्या अक्षरांचा घरच्यांस याहून चांगला उपयोग तो कोणता?