मनीमाऊचा फोटो, मनीमाऊचं घर



या वेळचा लेख आजी-आजोबांनी नातवंडांना वाचून दाखवावा. ज्या नातवंडांना मराठी वाचता येतं त्यांनी आजी-आजोबांना वाचून दाखवला तर आम्हाला अधिकच आनंद होईल. विषय आहे मांजरांचा, आणि देश आहे बहरीन.

आखातातल्या या लहानशा बेटांच्या देशाने १५ सप्टेंबर २०२० रोजी इस्रायलशी करार केला, तेव्हा त्याचं नाव आपल्या घराघरांत पोचलं. राजधानी मनामात यहुदी लोकांचं जुनं सिनॅगॉग आहे. नोकरीधंद्यासाठी गेलेली मराठी माणसंही या देशात आहेत. आणि मांजरं? ती तर गल्लोगल्ली! मुसलमान समाजात मांजराला मान आहे. पैगंबरांचे एक सोबती अबू हुरैरा या नावाने ओळखले जात. त्या नावाचा अर्थच मुळी 'मांजराच्या पिल्लाचा बाप'.

मग अडचण कुठे आहे? बहरीनची लोकसंख्या सुमारे १५ लाख, आणि त्यात निम्म्याहून जास्त माणसं बाहेरून आलेली. नोकरी संपली की बिऱ्हाड आवरायचं आणि निघायचं. पाळलेलं मांजर सोबत न्यायचं तर लस, दाखले, पिंजरा, विमानाचं भाडं असा सगळा खटाटोप. पुष्कळ जण तो करतात, पण काही जण मांजर मागे ठेवून जातात. गादीवर झोपणारं मांजर एकदम रस्त्यावर येतं. उन्हाळ्यात तिथे पारा चाळीशीच्या वर चढतो. कचऱ्यात खाणं शोधायची त्याला सवय नसते.

अशा प्राण्यांसाठी तिथे 'बहरीन एसपीसीए' ही संस्था १९७९ पासून काम करते. देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या मदतीवर तिचा कारभार चालतो. मुंबईकरांना हे नवीन वाटू नये. परळचं 'बैलघोडा हॉस्पिटल' आठवतंय ना? बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं ते इस्पितळ एकोणिसाव्या शतकापासून मुक्या जनावरांची सेवा करीत आलं आहे.

निवाऱ्यात जागा मोजकी असते. एक मांजर घरी गेलं की दुसऱ्याला पिंजरा मिळतो. म्हणून फोटो काढणारा स्वयंसेवक मोलाचा! लोक आधी फोटो पाहतात, मग भेटायला येतात. अंधारात, जाळीमागे कोपऱ्यात दबून बसलेल्या मांजराचा फोटो कोण दोनदा पाहणार? निवाऱ्यातल्या कुत्र्यांविषयीचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं, की चांगला फोटो असलेल्या कुत्र्यांना घर लवकर मिळालं.

मुलांनो, हा फोटो कसा काढतात ते ऐका. आधी कॅमेरा बाजूला ठेवून नुसतं जमिनीवर बसायचं. मांजराला आपला वास घेऊ द्यायचा. त्याच्याकडे टक लावून पाहायचं नाही. हळूच डोळे मिटायचे आणि हळूच उघडायचे. इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली दाखवून दिलं, की अशा माणसाजवळ यायला मांजर जास्त राजी असतं. मग कॅमेरा मांजराच्या डोळ्यांच्या उंचीवर धरायचा. वरून फोटो काढला तर बिचारं आणखीच लहान आणि घाबरलेलं दिसतं. खिडकीचा उजेड उत्तम. फ्लॅश नको! मांजराच्या डोळ्यांमागे आरशासारखा पडदा असतो, त्यावर उजेड आपटला की डोळे भुतासारखे हिरवे चमकतात.

काळ्या मांजराचा फोटो सर्वांत अवघड. समोर सगळं काळं दिसलं की कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, आणि तो उजेड वाढवतो. मग काळंभोर मांजर धुरकट दिसतं. तिथे उजेड हाताने थोडा कमी करावा लागतो. मागे साधी रंगीत चादर टांगली की काम फत्ते.

एक पथ्य मात्र कडक पाळायचं. फोटो खोटा नको. एक डोळा नसेल, पाय लंगडा असेल, तर तोही दिसू द्यावा. लपवाछपवी करून घर मिळालं आणि आठ दिवसांनी मांजर परत आलं, तर त्या जिवाचे हाल दुप्पट होतात.

आपल्या धर्मात ही शिकवण जुनीच आहे. शब्बाथची विश्रांती गुराढोरांनाही सांगितली आहे. कोकणात आपले पूर्वज शनवार तेली म्हणून ओळखले गेले. शनिवारी घाणा बंद, म्हणजे घाण्याच्या बैलालाही सुटी! जनावराला घातल्याशिवाय आपण जेवू नये, असं तलमूद सांगतं. तोरा मिळाली नसती तर शालीनता आपण मांजराकडून शिकलो असतो, असंही रब्बी योहानान यांचं मत तिथे आहे. मांजर आपली घाण झाकतं ना, म्हणून! हसू नका, विचार करा.

आपल्यापैकी किती तरी जणांनी अलिबाग, पेण, भायखळा सोडताना घरचं मांजर शेजाऱ्यांच्या ओटीवर ठेवलं असेल. तेव्हा बोटीचं तिकीट माणसांपुरतंच होतं, इलाज नव्हता. पण मागे राहिलेल्या जिवाला कोणीतरी ओळखून घरात घ्यावं, ही इच्छा आपल्याइतकी कोणाला कळणार?

इथे अश्दोदला असा की दिमोनाला, मांजरं आपल्याही जिन्यात आहेतच. प्रत्येक नातवाच्या खिशात आज कॅमेऱ्याचा फोन आहे. जवळच्या निवाऱ्यात फोन करून परवानगी घ्या आणि मोठ्यांना सोबत घेऊन जा. आत जाताना आणि बाहेर आल्यावर हात साबणाने धुवा. आणि प्रत्येक फोटोखाली मांजराचं नाव, वय आणि एखादी सवय जरूर लिहा. 'मांडीवर झोपायला आवडतं' एवढं वाचून एखादी एकटी आजी फोन उचलेल.