होकायंत्राच्या शेजारी

मासेमारीच्या बोटीवर आता लॅपटॉप पोहोचला आहे. त्याला बिनतारी माउस नि छोटा स्पीकर जोडला, की बोट कितीही हेलकावली तरी पायांत तार अडकत नाही. सोय खरीच! पण स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतो. लॅपटॉपच्या झाकणातही पुष्कळदा असतो. तो होकायंत्राशेजारी आला, की सुई बहकते. दोष बिनतारी लहरींचा नव्हे, चुंबकाचा. दिशेत ५ अंशांची चूक झाली, तर १२ सागरी मैलांत बोट मैलभर बाजूला जाते. अंधारात खडकावर आदळायला तेवढे पुरे. म्हणून बंदरातच पारख करा. वस्तू हळूहळू दूर न्या. सुई जिथे हलायची थांबेल, त्यापलीकडे तिची जागा. गुरुजी, हाच प्रयोग वर्गात करून दाखवा. कोळीवाड्यातली पोरे घरी जाऊन बापाला सांगतील.