धंदा बदलताना घ्यावयाची काळजी

बदलापूर हे नाव कसे पडले याविषयी या भागात एक समजूत प्रचलित आहे. पूर्वी घाट व कोकण यांच्या दरम्यान ये-जा करणारे स्वार येथे आपले दमलेले घोडे बदलून ताजे घोडे घेत, म्हणून हे बदलापूर, असे सांगतात. ही समजूत खरी असो वा नसो, तिच्यात एक उपयुक्त धडा आहे. नव्या घोड्यावर खोगीर चढल्याशिवाय शहाणा स्वार जुन्याचा लगाम सोडीत नाही. नोकरी शोधणाऱ्याने व धंदा बदलणाऱ्यानेही हेच धोरण ठेवावे.

शिरगाव आज बदलापूर शहराच्या वस्तीत सामावले आहे. पावसाळ्यात भात व त्यानंतर जमिनीतील ओलीवर वाल, ही या पट्ट्याची जुनी पीकपद्धती होय. आता जवळच बदलापूर व अंबरनाथ येथील औद्योगिक वसाहती आहेत, आणि मुंबईस नेणारी लोकल दाराशी आहे. त्यामुळे शेतकरी कुटुंबातील तरुणापुढे शेती की नोकरी हा प्रश्न रोजच उभा राहतो.

शेजारचेच उदाहरण घ्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. 1949 साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. घरदार व पेढ्या मागे टाकून आलेल्या या लोकांपैकी अनेकांनी पापड, मिठाई, कापड अशा लहान व्यापारातून नव्याने आरंभ केला. पूर्वीचेच काम मिळेल म्हणून ते वाट पाहत बसले नाहीत, हा गुण घेण्यासारखा आहे. मात्र त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्या पायाखाली अद्याप जमीन आहे. तेव्हा आपणांस तयारीने पाऊल टाकता येते.

आपल्या अंगच्या कसबाची नोंद करा

अर्जात अनुभवाच्या जागी पुष्कळ तरुण “शेती” एवढाच एक शब्द लिहितात. त्यावरून कारखानदारास काहीच बोध होत नाही. पंप दुरुस्त करता येतो काय? पॉवर टिलर चालविता येतो काय? कलमे बांधता येतात काय? दहा मजुरांचे काम व हजेरी सांभाळली आहे काय? जे येत असेल ते स्पष्ट लिहावे. शाळेचा दाखला, आधार कार्ड व गुणपत्रिका यांवरील नाव एकसारखे आहे किंवा नाही, हे आधीच तपासावे. मूळ कागदपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, प्रती द्याव्यात. नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्यास एक पैसाही देऊ नये.

आधी शिक्षण, मग स्थलांतर

अंबरनाथ येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. वीजतंत्री, जोडारी, संधाता यांसारख्या व्यवसायांचे शिक्षण अशा संस्थांतून मिळते. त्यानंतर शिकाऊ उमेदवारी करावी. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यान्वये उमेदवारास त्या काळात विद्यावेतन मिळते. हाती कसब नसलेला मनुष्य ठेकेदाराच्या मर्जीवर राहतो. कसबी मनुष्यास एक कारखाना सुटला तरी दुसरा शोधता येतो.

पगार नव्हे, शिल्लक पाहा

बदलापूर ते मुंबई हे अंतर सुमारे 68 किलोमीटर आहे. लोकलने जाण्यास सुमारे दीड तास व येण्यास तितकाच लागतो. समजा, मुंबईत 16,000 रुपये पगार मिळतो आणि प्रवास व बाहेरचे जेवण यांवर 4,000 रुपये खर्च होतात. जवळच्या कारखान्यात 13,000 रुपये मिळतात व खर्च 1,000 रुपये होतो. दोन्हीकडे शिल्लक 12,000 रुपयेच. परंतु जवळ काम करणाऱ्यास सकाळ-संध्याकाळ भाजीच्या वाफ्यास पाणी देता येते. हे आकडे हिशोब समजण्यापुरते घेतले आहेत. प्रत्येकाने आपले आकडे मांडून पाहावेत. नेमणूकपत्र व भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक मागून घेण्यास संकोच करू नये.

हंगाम व जमीन सांभाळा

माझ्या पाहण्यातील एका तरुणाने भाताची रोपे लावणीस आली असता ठेकेदाराकडील काम धरले. तीन महिन्यांत ते काम संपले. तोवर लावणीचा काळ गेला होता आणि खाचर पडीक राहिले. ना पगार, ना भात, अशी त्याची अवस्था झाली. काम बदलावयाचे असल्यास शक्यतो कापणीनंतर बदलावे, अथवा त्या वर्षाची शेती घरातील माणसांच्या वा भागीदाराच्या हाती रीतसर सोपवावी.

जमीन विकून त्या पैशावर नोकरी शोधीत बसणे तर सर्वथा टाळावे. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते व अनेकांना गावी परतावे लागले. मोहने येथील रेयॉनचा कारखानाही 2009 साली बंद पडला. मोठा कारखानाही कायमचा नसतो. अशा वेळी ज्याच्याकडे चार गुंठे शिल्लक आहेत, त्यास निदान उभे राहण्यास जागा राहते.

नोकरीतून शेतीकडे येणाऱ्यांस

उलट मार्गाने येणाऱ्यांनीही घाई करू नये. बदलापूरच्या जांभळाची कीर्ती ऐकून कोणी एकदम राजीनामा देईल, तर ते योग्य नव्हे. जांभळाच्या कलमास फळ धरण्यास साधारणतः 6 ते 7 वर्षे लागतात. तोवर घर कशावर चालणार? भेंडीसारखे पीक 45 ते 50 दिवसांत तोडणीस येते. म्हणून प्रथम सुटीच्या दिवसांत थोड्या जागेत भाजी लावून पाहावी, विक्रीचा अनुभव घ्यावा आणि बांधावर कलमे वाढू द्यावीत. भाताच्या सुधारित वाणांची माहिती याच रेल्वेमार्गावरील कर्जत येथील संशोधन केंद्रातून घेता येईल. कृषी पदवीधर व पदविकाधारकांसाठी कृषी चिकित्सालय योजनेखाली प्रशिक्षणाचीही सोय आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस बियाणे व खते यांचा सल्ला देतानाच घरातील तरुणांचीही विचारपूस करावी. अर्ज लिहिण्यास मदत करावी, हिशोब मांडून दाखवावा आणि जमिनीचा सौदा ठरण्यापूर्वी एकदा शांतपणे बसून बोलावे. नोकरी गेली तर दुसरी मिळू शकते. विकलेले खाचर मात्र पुन्हा हाती येत नाही.