हुरड्यातली लाजाळू

परभणीकडे थंडी पडली की काळ्या रानातली रब्बीची ज्वारी दाण्यात भरते आणि हुरड्याची बोलावणी सुरू होतात. आगटीत गोवऱ्या फुलतात. आजी भाजलेलं कणीस तळहातावर चोळते, फुंकर मारून कोंडा उडवते आणि गरम, हिरवे दाणे आपल्या ओंजळीत टाकते. खा पटापट, गार झाले की मजा जाते!

या दाण्यांत ब-1 जीवनसत्त्व असतं. आपल्या शरीराला ते बनवता येत नाही, म्हणून खावं लागतं. ज्वारी मात्र ते स्वतःच बनवते. मग पुरेसं झालं, आता थांबावं, हे तिला कोण सांगतं? ज्वारीला ना जीभ, ना मेंदू!

पेशीतली जनुकं म्हणजे आजीची पाककृतींची वही. वही कपाटातच राहते. हवी ती कृती एका धाग्यावर उतरवून बाहेर धाडली जाते. हा धागा म्हणजे आरएनए. त्यावर लिहिल्याप्रमाणे ब-1 घडवणारं विकर तयार होतं. हा धागा नुसता निरोप्या, असंच बरीच वर्षं वाटत होतं. 2002 साली अमेरिकेत रोनाल्ड ब्रेकर आणि येवगेनी नुडलर यांच्या प्रयोगशाळांना जिवाणूंमध्ये भलतंच दिसलं. निरोप्याला स्पर्श कळत होता!

धाग्याचा एक तुकडा स्वतःभोवती वळून चिमटीसारखा होतो. ब-1चा वापरायला तयार झालेला रेणू जवळ आला, की चिमटीचं एक बोट त्याचं एक टोक धरतं, दुसरं बोट दुसरं. धरल्याबरोबर धाग्याची घडी बदलते, अगदी लाजाळूसारखी. पण लाजाळू कुणीही बोट लावलं तरी मिटते. हा धागा तसा नाही, तो आपला रेणू नेमका ओळखतो.

वनस्पतींत घडी बदलली की धाग्याची शेपटी वेगळ्याच जागी कातरली जाते. असा धागा फार टिकत नाही. मग विकर कमी बनतं आणि ब-1ही कमी. साठा उतरला की चिमटी रिकामी राहते, धागा टिकतो, काम पुन्हा जोरात. या कळीचं नाव रायबोस्विच. 2003 साली ती भातातही सापडली, आणि ज्वारी भाताच्याच गवतकुळातली. मला सगळ्यात नवल वाटतं ते याचं, की अशीच चिमटी मातीतल्या बॅसिलस सबटिलिस या जिवाणूतही आहे. कुठे जिवाणू, कुठे भात!

पण थांबायचंच कशाला? भरपूर ब-1 बनवलं तर बिघडलं कुठे? मोहरीच्या कुळातल्या एका इवल्या रोपात शास्त्रज्ञांनी ही कळ मुद्दाम बिघडवून पाहिली. ब-1 भरमसाट झालं. पण पानं फिकट पडली आणि रोप खुरटलं.