'वृकोदर' शब्दांतील वृक

भीमसेनाच्या 'वृकोदर' या नांवाचा अर्थ सामान्यतः 'लांडग्यासारखें पोट असलेला', म्हणजे खादाड, असा घेण्यांत येतो. मत्स्यपुराण निराळी उपपत्ति देतें. भीमाच्या जठरांतील तीक्ष्ण अग्नीचेंच नांव वृक, असें तेथें म्हटलें आहे. या दोहोंचा विचार करितांना प्रत्यक्ष प्राण्याची साक्ष काढणें इष्ट, असें आम्हांस वाटतें.

प्रथम शब्द पाहूं. अमरकोशांत कोक, ईहामृग व वृक हे पर्याय आहेत. पैकीं कोक म्हणजे चक्रवाकहि होतो, व ईहामृग हें एका रूपकप्रकाराचेंहि नांव आहे. निरुक्तांत यास्कानें वृक शब्दाचे चंद्र, सूर्य, कुत्रा व नांगर असेहि अर्थ लाविले आहेत. तेव्हां पोथींत हे शब्द आढळतांच संदर्भावांचून लांडगा समजूं नये.

आतां प्राणी. दख्खनच्या लांडग्याचें शास्त्रीय वर्णन साइक्स या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानें इ. स. १८३१ मध्यें प्रसिद्ध केलें व त्यास 'पॅलिपेस', म्हणजे फिकट पायांचा, असें नांव दिलें. हिमप्रदेशांतील लांडग्याहून हा लहान व आंखूड केसांचा असून वजनानें सुमारें २० किलो भरतो. उघडे माळ व कांटेरी झुडपांचीं रानें हें त्याचें घर. काळवीट, ससे व उंदीर हें त्याचें भक्ष्य. हरणें विरळ झालीं तेथें शेळ्यामेंढ्यांवर त्याची भिस्त असते. कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच: नर, मादी व त्यांचीं लहानमोठीं पिलें.

शिकार रोज साधत नाहीं. म्हणून साधली कीं लांडगा एका वेळीं पुष्कळ मांस गिळतो. परंतु तें सर्व त्याच्या एकट्याचें नसतें. बिळाशीं परततांच पिलें त्याचें तोंड चाटूं लागतात, व तो पोटांतील मांस ओकून त्यांस भरवितो. म्हणजे वृकाचें उदर हें कुटुंबासाठीं अन्न वाहून नेण्याचें पात्रहि होय. लाक्षागृहांतून सुटल्यावर आई व भाऊ यांस उचलून नेणाऱ्या भीमास हें नांव केवळ भुकेमुळेंच शोभतें असें नाहीं.

मेंढपाळाचा राग व वृकीविषयींची करुणा, दोन्हीहि जुनींच आहेत. ऋग्वेदांतील ऋज्राश्वानें वृकीसाठीं शंभर मेंढ्या मारल्या, म्हणून पित्यानें त्यास अंध केलें. अश्विनांनीं त्यास दृष्टि दिली. त्या अंधासाठीं अश्विनांचा धांवा करणारी वृकीच होती.

इ. स. १९७२ च्या कायद्यानें भारतांत लांडग्यास संरक्षण मिळालें. तरी हे लांडगे आज सुमारें ३,००० च उरले असावे असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. दप्तरांत 'पडीक' म्हणून नोंदलेले माळ नांगराखालीं व इमारतींखालीं जात आहेत. जुन्या कागदांत 'पडीक' हा शब्द वाचतांना ती भूमि निर्जीव होती असें अनुमान संशोधकांनींहि काढूं नये.

ज्यांच्या संग्रहीं महाभारताच्या सटीक पोथ्या असतील, त्यांनीं वृकोदर शब्दावरील टीका उतरून कळविल्यास या विषयावर अधिक प्रकाश पडेल.